«जपान» ग्राह्य ठरला तेव्हा

स्क्रॅबल, म्हणजे पटावर अक्षरे मांडून इंग्रजी शब्द जुळवण्याचा खेळ; त्याच्या एका स्पर्धेत मी पंच होतो. नवोदितांच्या गटात एका खेळाडूने पटावर जे, ए, पी, ए, एन अशी अक्षरे मांडली आणि समोरच्या गृहस्थांनी लगेच घड्याळ थांबवून चॅलेंज केले, म्हणजे शब्दाला हरकत घेतली. विशेषनामे चालत नाहीत हे सर्वांनाच ठाऊक असते आणि हे तर उघड उघड एका देशाचे नाव, त्यामुळे त्यांचे म्हणणे बिनतोड वाटत होते.

पंचाने मात्र स्वतःचे मत द्यायचे नसते. शब्द संगणकात टाकायचा आणि पडद्यावर हिरवा रंग उमटतो की लाल, एवढेच पाहायचे. हिरवा उमटला, म्हणजे शब्द ग्राह्य ठरला. चुकीच्या चॅलेंजचे 5 गुण प्रतिस्पर्ध्याला गेले, तेव्हा गृहस्थ चिडून म्हणाले, "अहो, निदान अर्थ तरी सांगा!"

अर्थ मला माहीत होता. जपान म्हणजे काळे, चकचकीत रोगण, आणि ते चढवण्याची क्रियाही. पण मी गप्प राहिलो, कारण हे सामान्यनाम आहे, क्रियापदही आहे, एवढे जरी तोंडून निघाले असते तरी त्याला शेवटी एस जोडता येतो हे दोघांनाही कळले असते, आणि पटावर त्या अक्षरापुढची जागा अजून मोकळी होती. एकाच खेळीत अनेक शब्द तयार झाले असता संगणक त्यांतला चुकीचा कोणता हे न सांगता सबंध खेळीचा एकच निकाल देतो, तोही याच कारणासाठी. मला हा नियम अत्यंत न्याय्य वाटतो.

पुढे त्याच गृहस्थांनी «केनिया» मांडला. लाल रंग आला, अक्षरे परत रॅकवर गेली आणि त्यांची पाळी शून्य गुणांवर संपली.

डाव संपल्यावर मी त्यांच्याशेजारी बसून सर्व समजावले. ग्राह्य शब्दांच्या यादीत देश नसतात. देशाच्या नावाशी ज्यांचे स्पेलिंग जुळते अशा वस्तू असतात. चायना म्हणजे चिनी मातीची भांडी, ब्राझील म्हणजे रंगासाठी वापरले जाणारे लाकूड. केनियाला असा दुसरा अर्थ नाही. शिवाय आम्ही कॉलिन्स या शब्दकोश-प्रकाशकाची यादी वापरतो, उत्तर अमेरिकेतील स्पर्धांची यादी निराळी आहे, आणि झेड-ओ हा आमच्याकडे चालणारा शब्द तिकडे बाद होतो. घरच्या जाडजूड शब्दकोशाचा दाखला म्हणूनच उपयोगी पडत नाही.

"म्हणजे ही नावे पाठच करायची?" त्यांनी विचारले.

मी होय म्हणालो, आणि त्यांनी वही काढून पहिले तीन शब्द लिहून घेतले.