चाळीस मिनिटांचं व्याख्यान आणि एक प्लेट तर्री पोहा

नागपूरला पहिल्यांदा गेले ती व्याख्यान द्यायला. रात्रभर विदर्भ एक्स्प्रेस, संध्याकाळी परतीची गाडी. झिरो माइलचा खांब नि त्याचे घोडे ऑटोतून दिसले, तेवढंच पर्यटन.

ज्या कॉलेजानं बोलावलं होतं, त्यांनी चाळीस मिनिटं दिली होती. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, माझा परिचय (तो ऐकून मलाच मी ओळखू आले नाही) उरकेपर्यंत उरली बारा. शिशाची अणुकेंद्रकं आदळतात, क्षणभर क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या आतले कण सुटे झालेलं तप्त सूप, तयार होतो, आणि... आभारप्रदर्शन. जेवण फर्मास होतं, माणसं अगत्याची. पण मी काय जेवायला गेले होते?

गेटपाशी एमएस्सीचा एक मुलगा आडवा आला. "मॅडम, तुमचं तर राहूनच गेलं न!" आणि मला कस्तुरचंद पार्काजवळ तर्री पोहे खायला घेऊन गेला. तिखट झेपतं अशी फुशारकी मी मारली होती. दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी.

"तो प्लाझ्मा डोळ्याची पापणी लवायच्याही आधी संपते. मग त्याले तपासाले आत टाकता काय?"

बाहेरून काहीच नाही, म्हटलं. त्याच टकरीत, अगदी सुरुवातीला, कधी दोन क्वार्क जोरात धडकून विरुद्ध दिशांना सुटतात. एकटा क्वार्क दिसत नाही. त्याची कणांची पिचकारी होते, तोच जेट. एक कडेनं चटकन निसटतो, दुसऱ्याला अख्खा प्लाझ्मा तुडवावा लागतो. अशी ऊर्जा घटेल हे भौतिकशास्त्रज्ञ ब्योर्केननी 1982 मध्येच मांडलं होतं. अमेरिकेत ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत सोन्याच्या अणुकेंद्रकांच्या टकरींत खुणा सापडल्या. मग नोव्हेंबर 2010 मध्ये युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेत शिशाच्या टकरी सुरू झाल्या आणि अ‍ॅटलास या कणशोधक यंत्राच्या चित्रांत एक जेट ठसठशीत, समोरचा जवळपास गायब!

"पण दोघंही प्लाझ्मातूनच आले असतील तर? निघताना ऊर्जा किती होती, हे माहीत कसं पडते?"

माझा चमचा थांबला. हीच माझी न दाखवलेली स्लाइड. कधी जेटच्या जोडीला फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, सुटतो. क्वार्कना बांधून ठेवणाऱ्या प्रबळ बलाशी त्याचं देणंघेणं नसल्यानं तो प्लाझ्मातून तसाच बाहेर येतो. त्याची ऊर्जा मोजली की जेटच्या मूळ ऊर्जेचा अंदाज लागतो.

"म्हणजे दोघं बर्डीच्या बाजारातून निघाले, अन् एकाच्या ओळखीचं तिथं कोणीच नाही. तो सरळ घरी."

सहा वर्षं मी हे समजावतेय. इतकं नेमकं मला एकदाही सुचलं नाही.

"अन् दुसऱ्याची गेलेली ऊर्जा?"

गेली कुठेच नाही. जेटपासून बरीच लांब, कमी ऊर्जेच्या ढीगभर कणांत विखुरलेली सर्नच्याच सीएमएस या यंत्राला सापडली.

"चिल्लर झाली म्हणा न," म्हणत त्यानं माझ्या प्लेटमध्ये, न विचारता, आणखी तर्री ओतून घेतली.