पावसात लपलेला घाम

तुळजाभवानीची श्रमनिद्रा, म्हणजे दसऱ्यानंतरची देवीची विश्रांतीची झोप, आश्विन पौर्णिमेला संपते आणि त्या दर्शनासाठी सोलापूर ते तुळजापूर हे सुमारे ४५ किलोमीटरचे अंतर हजारो भाविक, त्यांतले बरेच अनवाणी, रात्रभर चालून कापतात. तामलवाडीजवळ एका मंडळाने उभारलेल्या प्रथमोपचार केंद्रावर मी डॉक्टर म्हणून बसत असे. एरवी तिथे पायाचे फोड आणि पोटऱ्यांत आलेले गोळे, एवढेच काम असते.

त्या वर्षी परतीच्या पावसाने रात्री दहाच्या सुमारास गाठले. विजा कडाडू लागल्या, रस्त्याकडेचे मांडव कलंडले आणि केळी, खिचडी, चहा वाटणाऱ्यांनी नाइलाजाने सामान टेम्पोत भरले. सोलापूरकरांना उन्हाची सवय, भिजून गारठण्याची नाही. त्यामुळे आमच्या ताडपत्रीखाली कुडकुडणाऱ्यांची दाटी झाली.

मध्यरात्रीनंतर दोन तरुणांनी साठीच्या एका गृहस्थांना आधार देत आणले. "काका गारठलेत ओ डॉक्टर, पांघरायला काहीतरी द्या," त्यांतला पुतण्या म्हणाला. अंग थरथरत होते, हात गार होते, म्हणजे तसे वाटणे साहजिकच होते. पण मी नाव विचारले तेव्हा काकांनी अडखळत गावाचे नाव सांगितले. त्यांचे कपाळ टॉवेलने कोरडे केले, तर आडोशाला असूनही ते पुन्हा ओले झाले. पावसाचे पाणी एकदा पुसले की संपते. हा घाम होता, आणि गारठलेल्या माणसाला असा दरदरून घाम फुटत नाही.

काकांना शुगर आहे का, हे पुतण्याला ठाऊक नव्हते. खिशातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत मात्र ग्लिमेपिराइडच्या, म्हणजे रक्तातली साखर उतरवणाऱ्या, गोळ्या सापडल्या. ओल्या बोटावर रक्त पाण्यात मिसळते आणि आकडा खोटाच कमी येऊ शकतो, म्हणून सिस्टरांनी बोट नीट कोरडे केले, हात चोळून ऊब आणली आणि पहिला थेंब पुसून दुसरा तपासला. साखर ४६ होती. ७० च्या खाली गेली की ती कमी समजतात. गिळता येत होते, म्हणून चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. १५ मिनिटांनी आकडा ७८ झाला, मग बिस्किटे दिली आणि काकांनी स्वतःचे नाव सांगितले. संध्याकाळी गोळी घेऊन, वाटेत फराळ मिळेल या भरवशावर ते निघाले होते, आणि पावसाने नेमका तो फराळच बंद पाडला होता. मधुमेह्याने असा भरवसा ठेवू नये, हे घरच्यांनीही पाहायला हवे.

तेवढ्यात काका चपला शोधू लागले. "निम्मं तर झालंय," ते म्हणाले. या गोळीचा अंमल दिवसभरही टिकतो आणि साखर पुन्हा घसरू शकते, हे त्यांना पटवण्यात उपचारांहून अधिक वेळ गेला. अखेर पुतण्याने "तुमची उरलेली वाट मी चालतो" असे कबूल केल्यावर ते रुग्णवाहिकेत बसले. पहाटे तुळजापूरच्या रुग्णालयातून फोन आला, साखर पुन्हा ५८ वर आल्याने ग्लुकोजचे सलाइन लावले होते. काका तिथल्या डॉक्टरांना दर्शनाची रांग किती आहे, ते विचारत होते.