सात चर्चची पायी वारी आणि सान सेबास्तियानोची भिंत

सकाळी 6 ला सेंट पीटर्सपासून निघालो, आम्ही चौघं वसईचे. रोमच्या सात चर्चची पायी वारी, साधारण 20 किलोमीटर. 16व्या शतकात संत फिलीप नेरी लोकांना घेऊन याच वाटेने जायचे, गाणी म्हणत, मधे कुठेतरी बसून पाव-चीज-अंडी खात.

सेंट पॉलपर्यंत पाय ठीक होते, तिसऱ्या चर्चला, सान सेबास्तियानोला पोचेस्तोवर टाचेला फोड आला. पण खरं सांगू, माझी वारी तिथेच झाली.

कॅटाकॉम्ब, म्हणजे जमिनीखालची दफनाची भुयारं, हा शब्दच या जागेवरून आलाय. ख्रिस्ती लोक इथे लपून राहायचे असं लहानपणी ऐकलेलं, तसं नाहीये, ही सरळ दफनभूमी. रोमन कायद्याने शहरात प्रेत पुरायला बंदी होती म्हणून सगळी थडगी वेशीबाहेर. आणि तिथे ती भिंत आहे. तिसऱ्या शतकातल्या यात्रेकरूंनी प्रेषित पौल आणि पेत्र यांना उद्देशून प्लास्टरवर कोरलंय, "पौल आणि पेत्र, व्हिक्टरसाठी प्रार्थना करा". अशी शेकडो वाक्यं, वेडीवाकडी, घाईघाईतली.

काहींनी लिहिलंय की इथे रेफ्रिजेरियम केलं, म्हणजे मेलेल्यांच्या आठवणीत थडग्यापाशी जेवण. ही मुळात रोमन लोकांचीच रीत, फेब्रुवारीत पारेंतालियाला थडग्यावर वाइनमध्ये भिजवलेला पाव, मीठ, फुलं ठेवायचे. धर्म बदलला तरी ती सुटली नाही, आम्ही ख्रिस्ती लोक नाही का 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, थडगी धुऊन मेणबत्त्या लावत, तसंच.

आणि त्याच शतकात, 250 च्या सुमारास, सम्राट देकियसचा हुकूम निघाला, सगळ्यांनी देवांना बळी द्या, वाइन ओता, प्रसाद चाखा आणि तसं सर्टिफिकेट घ्या. असे पपायरस इजिप्तमध्ये सापडलेत. कितीतरी ख्रिस्ती लोकांनी घेतलं ते सर्टिफिकेट, मला त्यांचा राग नाही येत, घरात पोरंबाळं असतात. पण ज्यांनी नाही घेतलं त्यांचा विचार करून त्या भिंतीसमोर डोळे भरून आले.

बाहेर आपिया या जुन्या रोमन रस्त्याच्या काळ्या दगडांवर बसून पाव खाल्ला. पहिला तुकडा बाबांच्या नावाने बाजूला ठेवला.

पुढची चर्च लंगडतच केली. सान लोरेन्झोत मात्र थांबलो, 258 ला श्रद्धेपायी मारलेल्या संत लॉरेन्सची कबर वेदीखाली आहे. तिथे आमच्या वसईच्या गोन्सालो गार्सियाचं नाव घेतलं, 1597 ला नागासाकीत क्रुसावर गेलेला. 1862 ला त्याला संत जाहीर केलं ते इथेच, रोममध्ये.