गडग्याकडची गुलाबी फळं

कोकणातल्या परड्यात झाडांच्या दोनच जाती असतात, लावलेली आणि आलेली. लावलेल्या झाडांना वंशावळ असते. हा माड आजेसासऱ्यांच्या हातचा, ती रतांबी आत्यांच्या लग्नाच्या वर्षीची, हे कलम देवगडहून आणलेलं. आलेल्या झाडांची चौकशी कोणी करत नाही. ती गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, फटीत, फणसाच्या बुंध्याशी, न्हाणीच्या पाण्यावर वाढतात आणि दिवाळीच्या आधी बेणणी निघाली की कोयत्याखाली जातात. सगळ्यांचं मिळून नाव एकच, रान.

आमच्या वेंगुर्ल्याकडच्या घरी मागच्या गडग्याला लागून, फणसाच्या सावलीत, असंच एक आलेलं झुडूप आहे. दर वर्षी कापलं जायचं, दर पावसात बुडख्यातून पुन्हा फुटायचं. एकदा वेळेवर माणसंच मिळाली नाहीत, मागची बाजू तशीच राहिली, आणि थंडी सरता सरता झुडपाने आपलं काय ते दाखवलं. लहान लहान गोल फळांचे घोस, फिकट गुलाबी आणि चक्क आरपार दिसणारे. ऊन मागून आलं की आतली बी दिसायची. लहान मुलाच्या कानाची पाळी उन्हात जशी दिसते ना, तो रंग.

“खातात का?” सासूबाईंनी विचारलं. आमच्याकडे झाडाबद्दलचा पहिला प्रश्न हाच असतो. ते काय आहे, हे नंतर.

मग जो घरी येईल त्याला चहाआधी गडग्याकडे नेण्याचा परिपाठ सुरू झाला. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, विषारी असणार, इतकं देखणं आहे ते. मुंबईहून आलेल्या भाच्याने मोबाइलवर फोटो काढला. ॲपने कॉफी सांगितली. दुसऱ्या फोटोवर कुंती. तिसऱ्या फोटोत त्याचा अंगठा मोठा आला होता, तरीही उत्तर आलंच, तेही ठामपणे. ॲपचा तसा दोष नाही. आपण सगळे फळाचा फोटो काढतो, कारण तेच नजरेत भरतं. झाड ओळखणाऱ्यांना मात्र आधी पान लागतं, आणि पान काडीला कसं लागलंय ते. फळं काय, बऱ्याच झाडांची लाल-गुलाबी असतात.

ही ओळखण्याची पद्धत मला फार आवडते. रेल्वेचे पूल बांधणारे आणि पुढे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य झालेले थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ काढला. असे ग्रंथ तुम्हाला पुढे नेतात ते पंचनाम्यासारखे. पानं समोरासमोर आहेत की आडएक, म्हणजे एकाआड एक? काटा आहे की नाही? चीक येतो की नाही? प्रत्येक उत्तराला थोडे संशयित घरी जातात.

तसं पाहिलं तर करवंद पहिल्याच फेरीत सुटलं. त्याला काटे, चीक, पानं समोरासमोर. इथे तिन्ही नाही. तोरणाला आकडेबाज काटे आणि फळ पांढरं. अंबगुळीच्या पानाची पाठ रुपेरी असते, आमच्या झुडपाचं पान दोन्हीकडून हिरवं. अंजनीची पानं समोरासमोर आणि तिची निळी फुलं एकदा पाहिली की कोणी विसरत नाही. घाणेरी तर नव्हेच. ती अमेरिकेतून आली आणि आता गडग्यावर स्वतःच्या बापाचं असल्यासारखी पसरली, पण तिचा वास लांबूनच कळतो.

यात आपले घरगुती नियम फारसे कामाला येत नाहीत, हेही ओघाने आलंच. चीक आला की विष, असं म्हणावं तर फणस आणि करवंद कुठे जातील? पक्षी खातात ते आपण खावं, हा नियम तर फारच धोक्याचा. काजऱ्याची नारिंगी फळं धनेश आवडीने खातो. त्याच फळातल्या बीमध्ये स्ट्रिक्नीन असतं, आणि ते माणसाच्या जिवावर उठतं. बुलबुल आमच्या झुडपावर सकाळपासून बसलेले असत. त्यांची साक्ष मी धरली नाही.

गाठ सुटली ती पानाने. एका देठावर कुठे तीन पर्णिका, म्हणजे छोटी पानं, कुठे पाच, आणि देठ काडीवर आडएक. एक पर्णिका उन्हाकडे धरली तर तिच्यात सुईने टोचल्यासारखे बारीक उजळ ठिपके. चुरगळली तर मंद लिंबाचा वास. ते ठिपके म्हणजे तेलाच्या ग्रंथी, आणि त्या दिसल्या की कूळ जवळजवळ ठरतं. लिंबू, बेल, कढीपत्ता सगळे त्याच घरातले. बांगड्याच्या तिखल्यात ज्याच्यावाचून चालत नाही ते तिरफळसुद्धा! आपण इतकी वर्षं ज्यांच्या जिवावर स्वयंपाक करतोय, त्यांचाच हा दूरचा भाऊबंद मागच्या दारी दर वर्षी कापला जात होता.

कूळ कळलं की घर शोधायला वेळ लागत नाही. माकडलिंबाला काटे असतात. कढीपत्त्याची फळं पिकून काळी होतात. कुंतीची लालभडक, जराशी टोकदार. राहता राहिलं ते ग्लायकॉस्मिस पेंटाफायला, म्हणजे पाच पानांचं. ओलसर रानात, देवराईत मोठ्या झाडांच्या सावलीला ते खुशाल वाढतं.

एवढं सगळं करून मी कागदावर लॅटिन नाव लिहून ठेवलं, आणि त्याच आठवड्यात नारळ पाडायला आमचा पाडेली आला. माडावरून उतरून, कमरेची आकडी सोडत तो गडग्याला टेकला आणि चार फळं तोडून तोंडात टाकली.

“ह्यां किरमिरां,” तो म्हणाला. “लहानपणी आमी ह्येच्याच काडयेन दात घासले. खा गो, काय होवचा नाय.”

त्याला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. त्याच्याच कोयत्याने दर वर्षी ते कापलं जायचं, कारण कापायचं काय ते आम्ही दाखवायचो, आणि ठेवायचं काय ते विचारायची पद्धत आमच्याकडे नव्हती.

खरं तर आमच्या सगळ्यांच्या आधी हे झुडूप आणखी कोणीतरी ओळखलं होतं. त्याच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याची विष्ठा वाटावी असे काळे-पांढरे सुरवंट होते, कढीपत्त्यावर असतात तसेच. लिंबाच्या कुळावर वाढणाऱ्या फुलपाखरांचे ते. मादी पानावर उतरते, पुढच्या पायांनी पान चाखून बघते आणि पसंत पडलं तरच अंडं घालते. तिला ना फळ लागतं, ना फोटो. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं नीलवंतही याच कुळातल्या झाडांवर वाढतं, त्यामुळे माझी आशा जरा वाढली आहे. अजून तरी ते नुसतं आगरावरून उडत जातं.

चवीचं म्हणाल तर फार अपेक्षा ठेवू नका. गोडसर, पाणीदार, मागून किंचित औषधी. जीभ शोधत राहते आणि तेवढ्यात बी लागते. सासूबाईंनी दोन खाल्ली, बी हातात घेतली आणि निकाल दिला, “लोणचं होणार नाही. सरबतही नाही.” तरी यंदा बेणणीच्या वेळी त्या स्वतः काठी घेऊन मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि ते झुडूप शाबूत राहिलं. नातवंडं मे महिन्यात येतात, तोवर फळं संपलेली असतील. त्यांना करवंदांवरच भागवावं लागेल.