आमची वाटचाल : पाट्यांपासून टायटल्सपर्यंत

नारायण पेठेतलं आमचं दुकान आधी दुकानांच्या पाट्या आणि थिएटरात मध्यंतरात दाखवायच्या काचेच्या स्लाइड्स यांवर चालायचं. ब्रशकाम अण्णांचं, हिशेब माझा. अण्णा नावाला भागीदार, मानाने वडीलच. टायटल्सचं, म्हणजे सिनेमाच्या सुरुवातीला पडद्यावर येणाऱ्या नावांचं, काम आणलं ते माहितीपट करणाऱ्या एका सरांनी. प्रभात फिल्म कंपनीच्या जागेत १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे, त्यामुळे लॉ कॉलेज रोडवर अशी मंडळी चिक्कार. सरांएवढे कमी पैसे कुणी दिले नाहीत आणि त्यांच्याइतके वेळेवरही कुणी दिले नाहीत.

काळं कार्ड, पांढरा पोस्टर कलर, शून्य नंबरचा ब्रश. कार्ड रोस्ट्रमखाली, म्हणजे वरून खाली बघणाऱ्या कॅमेऱ्याच्या स्टँडखाली, ठेवून वर काच दाबायची. धुळीचा कण राहिला की पडद्यावर वाटाण्याएवढा दिसलाच. अण्णा शिरोरेखा सगळ्यात शेवटी ओढत. एका गूढपटासाठी सर म्हणाले, "अण्णा, हेच शूट करू." आधी नुसती लोंबती अक्षरं येतात, घ की ध, म की भ, कळत नाही. मग डावीकडून रेघ सरकत येते आणि नाव लागतं. तेवढ्यात प्रेक्षक खुर्चीत पुढे सरकलेला असतो. रक्ताचे थेंब नाहीत, कवटी नाही.

अमेरिकन टायटल डिझायनर सॉल बासने १९६० साली हिचकॉकच्या 'सायको'साठी नुसत्या करड्या पट्ट्या सरकवल्या आणि नावं चिरली. चाकू कुठेच नाही. बाकीचं काम संगीतकार बर्नार्ड हरमनच्या व्हायोलिनांनी केलं. १९९५ च्या 'सेव्हन'मध्ये टायटल्स करणाऱ्या काइल कूपरने खुन्याची बोटं, पातं, वह्या दाखवल्या, पण चेहरा नाही. नावंही हाताने ओरबाडलेली. टायटल्समध्ये काय दाखवायचं नाही ते आधी ठरतं. आमच्याकडे मात्र निर्माता फोन करतो तो सेन्सॉरची तारीख आल्यावर, आणि म्हणतो, "जरा गूढ करा, धूर-बिर टाका."

काम कॉम्प्युटरवर गेलं तेव्हा आम्ही पतसंस्थेचं कर्ज काढून मशीन घेतलं. सुरुवातीची सॉफ्टवेअर जोडाक्षरं तोडायची, वेलांटी भलतीकडे टाकायची. मग श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करा, कोरल या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये कर्व्ह करा, म्हणजे अक्षराचं चित्र करा, तिथून पुढे. त्याच सुमारास आमच्याकडेच शिकलेल्या एकाने कोथरूडला ऑफिस थाटलं. त्याबद्दल तक्रार नाही, पोरांनी मोठं व्हावंच. पण एका रहस्यपटाचा आमचा अख्खा स्टोरीबोर्ड, म्हणजे टायटल्सचा चित्रांतला आराखडा, निर्मात्याने "बघायला" म्हणून ठेवून घेतला आणि सिनेमा लागला तेव्हा वाड्याची कुलपं, किल्ल्या, उलटी पाटी, सगळं आमचं होतं. नाव त्या कोथरूडवाल्याचं. विचारलं तर उत्तर मिळालं, "आयडियावर कुणाचा शिक्का असतो का?" ज्यांचा धंदा इतरांची नावं लिहिण्याचा, त्यांचंच नाव गाळलेलं. असो. असो म्हणतो, पण जात नाही डोक्यातून.

हप्ते थकले. रोस्ट्रम भंगारात गेला. दुकान तगलं ते लग्नाच्या व्हिडिओंवर : गणपती, तुतारी, 'शुभविवाह', चि. आणि चि. सौ. कां. अण्णा त्यातही शिरोरेखा शेवटीच आणत. नवरदेवाचे वडील म्हणायचे, लवकर दिसू द्या नाव! पुढची वर्षं ठीक गेली, त्यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

नव्या मुलांना सांगतो, विचारलं नसलं तरी. नाव मनात सावकाश दोनदा वाचून होईपर्यंत पडद्यावर ठेवा, म्हणजे साधारण ७२ फ्रेम, तीन सेकंद. पहिल्या नावाआधी दोन सेकंद नुसता काळा पडदा मागून घ्या, निर्माता कुरकुरला तरी. रेडीमेड टेम्प्लेटमध्ये देवनागरी ओतू नका, मात्रा कापल्या जातात. आणि स्टोरीबोर्ड ठेवून जायचा नाही. दाखवायचा आणि पिशवीत घालून घरी आणायचा. आम्ही हल्ली निम्मे पैसे आगाऊ घेतो. सरांकडून सोडून.