अकोल्याचा डबा

आमच्या मेसमध्ये कशावरही एकच इलाज, दाण्याचं कूट. रस्सा पातळ झाला, घाला कूट. भाजी तिखट झाली, घाला कूट. आयत्या वेळी पंधरा पोरं जास्तीची आली, कोशिंबिरीत घाला कूट. मी मूळची सोलापूरची, शेंगाचटणीवर वाढलेली, त्यामुळे यात काही वावगं असेल असं कधी मनातही आलं नव्हतं.

गेली ११ वर्षं मी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलची मेस सांभाळते. ३८० ताटं, दोन वेळा. २०२३ साली अ‍ॅडमिशनच्या दिवसांत अकोल्याहून आलेली एक बाई मुलाला घेऊन थेट भटारखान्याच्या दारात उभी राहिली. म्हणाली, "ताई, याला शेंगदाणा अजिबात चालत नाही." खरं सांगते, मला वाटलं लाडावलेलं पोर आहे. दर वर्षी असे दोन-चार असतातच. कुणाला वांगं चालत नाही, कुणाला कांदा दिसला की मळमळतं.

मी विचारलंसुद्धा, "थोडा चालतो का? आमटीत वगैरे?"

त्या बाईंनी उत्तर दिलं नाही. पिशवीतून एक कंपासपेटी काढली आणि उघडून माझ्यासमोर धरली. आत कर्कटक नव्हतं, कापसात गुंडाळलेल्या ॲड्रेनॅलिन इंजेक्शनच्या दोन अँप्युल, म्हणजे काचेच्या छोट्या कुप्या होत्या, दोन सिरिंज, आणि प्लास्टिकमध्ये घातलेली डॉक्टरांची चिठ्ठी. "तिसरीत असताना कुणीतरी वाढदिवसाची चिक्की दिली," त्या म्हणाल्या. "अर्धा तुकडा. दोन दिवस आयसीयूत होता." परदेशात याचं तयार पेन मिळतं, मांडीवर दाबलं की झालं. आपल्याकडे ते सहज मिळत नाही, म्हणून अँप्युल फोडून सिरिंजमध्ये भरायची. पोराला ते शिकवलेलं होतं.

मग आम्ही व्यवस्था लावली. स्टीलचा तीन ताळी डबा, कडीला लाल चिकटपट्टी. भटारखान्यात त्याचं नावच पडलं, अकोल्याचा डबा. नियम एकच, त्याचं आधी, बाकीच्यांचं नंतर. सकाळी साडेनऊला त्याची भाजी वेगळ्या कढईत व्हायची, डबा भरून माझ्या टेबलावर यायचा, आणि मगच दाणे भाजायला घ्यायचे. पोरगा शहाणा. तेलाचा डबा फिरवून बारीक अक्षरं वाचणारा माझ्या ११ वर्षांतला पहिलाच. सोयाबीनचं रिफाइंड आहे म्हटल्यावर गप्प झाला. त्यानंच मला सांगितलं की २०२० च्या लेबलिंगच्या नियमांप्रमाणे पाकिटातल्या पदार्थात शेंगदाणा, दूध, गहू, अंडं असलं काही असेल तर ते वेगळं लिहावं लागतं. मी म्हटलं, "बाळा, पाकिटावर लिहितील. माझ्या पातेल्यावर कोण लिहिणार?" हसला.

पहिलं वर्ष बिनघोर गेलं. इतकं की मधूनमधून आचारी म्हणायचा, "काही होत नाही हो त्याला. आणि दाणे भाजले की त्यातलं सगळं जळून जातं." मीही मान डोलवायची.

१७ जुलै २०२४, बुधवार. आषाढी एकादशी, आणि त्याच दिवशी मोहरमची सुट्टी. म्हणजे कॉलेज बंद, दवाखान्याची सिस्टर रजेवर, रेक्टर गावाला. एकादशी दुप्पट खाशी हे आमच्या पोरांकडे बघूनच कुणीतरी म्हटलं असावं. कार्तिकीला एक वेळ विसरतील, आषाढीची खिचडी कुणी सोडत नाही. २८ किलो साबुदाणा भिजलेला, १४ किलो दाण्यांचं कूट, वरीचा भात, त्यावर दाण्याची आमटी, काकडीच्या कोशिंबिरीत पुन्हा कूट. त्या दिवशी आमच्या भटारखान्याच्या हवेतसुद्धा दाणे असतात.

अकोल्याच्या डब्यात पोळी, दुधीची भाजी, दही. नेहमीप्रमाणे साडेनऊला भरून माझ्या टेबलावर. मी स्वतः झाकण लावलं.

पावणेएकच्या सुमाराला तो काउंटरपाशी आला. "काकू, खाज सुटलीय." मानेवर, कानामागे लालबुंद गांधी उठल्या होत्या. पोळ्या लाटणाऱ्या मावशींनी एका नजरेत निदान केलं, "पित्त उठलंय. आमसुलं भिजवा." आणि मी, कंपासपेटी डोळ्यांनी पाहिलेली बाई, आमसुलं भिजवायला घेतली. आपल्याकडे अंगावर गांधी उठल्या की पित्तच असतं आणि पित्ताला आमसूलच लावतात. हात आपोआप चालतात. त्यातून डबा मी स्वतः भरलेला, दाणा त्यात जाणार कुठून, हे डोक्यात पक्कं. प्रथमोपचार पेटीतली खाजेची गोळी दिली. ती त्याच्या घशाखाली उतरेना. पाणी पिताना ठसका लागला आणि त्यानंतर त्याचा आवाजच बदलला. घोगरा, बारीक, जसा कुणी भिंतीपलीकडून बोलतंय. वरचा ओठ सुजून नाकापर्यंत आलेला.

"काकू, पित्त नाही हे," तो म्हणाला. "पेटी."

पेटी तिसऱ्या मजल्यावर, कुलुपात. त्याचा रूममेट खिचडीचं ताट तसंच टाकून धावला. मी १०८ ला फोन लावला. फोनमध्ये नंतर बघितलं, १२ वाजून ५८ मिनिटं. म्हणजे पहिल्या खाजेपासून १२-१३ मिनिटं मी घालवली होती.

रूममेट पेटी घेऊन आला. अँप्युलची मान मोडायची असते, कापडात धरून, खुणेच्या उलट बाजूला. त्यानं घाईत नुसत्या बोटांनी दाबली आणि पहिली अँप्युल त्याच्या हातातच चुरली. रक्त आणि औषध दोन्ही टेबलावर. राहिली एक. कुणीच काही बोललं नाही. त्यानं शर्टाचं टोक घेतलं, मान धरली, आणि टक्. इतका छोटा आवाज, पण सगळ्या हॉलमध्ये ऐकू आला. चिठ्ठी माझ्या हातात होती, मी मोठ्यानं वाचत होते, "अर्धा मिली. मांडी, बाहेरची बाजू, स्नायूत." पोरानं हाफ पँट वर सरकवली, सिरिंज त्याच्याकडून घेतली आणि स्वतःच्या हातानं टोचली. माझ्या दुसऱ्या हातात आमसुलाच्या पाण्याची वाटी तशीच होती. ती खाली ठेवायचंही सुचलं नव्हतं.

चार-पाच मिनिटांत त्याचा श्वास मोकळा व्हायला लागला. गाडी आली तेव्हा आम्हाला इतका हुरूप आला की दोघांनी दोन बाजूंनी धरून त्याला चालवतच फाटकाकडे निघालो. गाडीतल्या डॉक्टरांनी लांबूनच ओरडायला सुरुवात केली, "चालवता कशाला त्याला? आडवा करा आधी!" रक्तदाब खाली गेलेला असतो, अशा वेळी माणूस उभा केला की जागच्या जागी कोसळू शकतो, हे त्यांनी नंतर सांगितलं. गाडीत इंजेक्शनचा दुसरा डोस द्यावा लागला. रात्रभर दवाखान्यात ठेवलं, कारण बरं वाटल्यावर काही तासांनी हे पुन्हा उलटू शकतं.

दवाखान्यातल्या मॅडम समजूतदार होत्या. खाजेची गोळी काय दिलीत म्हणून रागावल्या नाहीत, पण स्पष्ट सांगितलं. गोळीनं खाज थांबते, सुजलेला घसा उघडत नाही. तो उघडतो ॲड्रेनॅलिननं, आणि ते आधी द्यायचं, वाट बघत बसायचं नाही. भाजल्यानं दाण्यातलं जळून जातं का, हेही मी विचारलं. उलट भाजलेला जास्त बाधतो, म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "खाल्लं काय यानं?"

"दाण्याचं काही नाही," मी म्हटलं. खात्रीनं म्हटलं.

त्याच्या आईला फोन मीच केला. पलीकडून पहिला प्रश्न, "ताई, बोलतोय का तो?" बोलतोय म्हटल्यावर बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग त्या म्हणाल्या, "गेलं कुठून?" त्यात राग नव्हता. त्यांना खरंच माहीत हवं होतं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

संध्याकाळी मी भटारखान्यात स्टूल घेऊन बसले. सगळ्यांना सांगितलं, सकाळपासून जे केलं ते जसंच्या तसं करून दाखवा. कुणाला ओरडणार नाही. पोळीचं पीठ, परात, लाटणं, सगळं वेगळं. दही सीलबंद. तेल तेच. कढई त्याचीच. मग भाजीवाल्या मावशी आल्या. दुधी चिरला, फोडणी दिली, मीठ घातलं, आणि थांबल्या.

"मग?"

"मग खोबरं घातलं."

दुधीत खोबरं कधी नसायचं. त्याची भाजी म्हणजे नुसती फोडणी आणि मीठ, आजाऱ्याच्या जेवणासारखी. मावशींचं म्हणणं, सगळी पोरं आज सणाचं जेवणार, यानं एकट्यानं काय पाप केलंय. कूट चालत नाही तर सुकं खोबरं भाजून बारीक करून घालू, जरा दाटपणा येईल, चव येईल. वर्षभर त्याला कधी गोड लागलं नाही आमच्या हातचं.

"बारीक कशात केलंत?"

त्यांनी मोठ्या मिक्सरचं भांडं उचलून दाखवलं. "स्वच्छ पुसून घेतलं होतं हो काकू. फडक्यानं, दोनदा."

आता हे कुणाही मराठी बाईला सांगायला नको. कुटाच्या भांड्याला पाणी लावत नाहीत. ओलं राहिलं की कुटाचा लगदा होतो, म्हणून ते धुवायचं नाही, पुसायचं. माझी आई पुसायची, मीही पुसते. रोज त्याची भाजी आधी आणि दाणे नंतर, त्यामुळे हे भांडं कधी मध्ये आलंच नाही. पण १४ किलो कूट सकाळी करून कसं पुरेल? ते आम्ही आदल्या रात्रीच करून ठेवलं होतं. माझा 'त्याचं आधी' हा नियम मंगळवारी रात्री ११ वाजताच मोडला होता, आणि तो मोडला हे बुधवारी संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही.

मी झाकणाची रबरी रिंग नखानं उचकटली. खाली गोल फिरून तेलकट, तपकिरी लगदा दाबून बसलेला. पात्याच्या खालीही तसाच. सगळं मिळून चमचाभरही नसेल. त्यातलं त्याच्या खोबऱ्यात कितीसं गेलं असणार.

मावशी खाली बसल्या. "मीच विष घातलं पोराला." त्यांना समजावणं त्या दिवशी मला जमलं नाही. मी आपली रिंग हातात घेऊन उभी.

पुढचे आठ दिवस कागदांचे. वरून सूचना आली की मावशींना काढा आणि पोराकडून लिहून घ्या, 'स्वतःच्या जबाबदारीवर जेवत आहे.' कागदानं घसा उघडत असता तर मी शंभर लिहून घेतले असते. मी कळवलं, नियम माझा होता, तो मोडला तो माझ्या वेळापत्रकानं, काढायचं तर मला काढा. काढलं नाही. माझ्याजागी या पगारात दुसरी मिळत नाही, हेही कारण असेल.

पैसे मागितले ते एका छोट्या मिक्सरसाठी, मिळाले. हिरव्या झाकणाचा. तो, त्याची कढई, डाव, सुरी, फडकं, सगळं एका कुलपाच्या कपाटात, किल्ली माझ्या कमरेला. धुणं साबणाच्या पाण्यानं, रिंग काढून, पुसापुशी बंद. वाढप्यांना करोनापासून सॅनिटायझर चोळायची सवय लागलेली. त्यानं जंतू मरतात, दाणा हातावरच राहतो, तेव्हा त्यांनाही साबण. काउंटरवर खडूनं रोज लिहितो, आज दाणे कशाकशात. ते लिहायला लागल्यावर एक मुलगी येऊन म्हणाली, तिला गहू चालत नाही, दीड वर्ष ती आमचा भात आणि वरण खात होती आणि तरी पोट बिघडायचं. वरणाच्या फोडणीतल्या हिंगात गव्हाचं पीठ असतं, डबीवर लिहिलेलंय. ती कुणाला बोलली नव्हती. पेटीची एक जोडी आता माझ्या टेबलाच्या खणात असते, खणाला कुलूप नाही, आणि सिस्टरनी आम्हा चौघांना संत्र्यावर टोचायला शिकवलंय.

३१ जुलैला पुढची एकादशी आली. उपवासवाले थोडे, खिचडी बेताची. सकाळी नऊला तो पोरगा स्वतःच भटारखान्याच्या दारात. मी कपाट उघडून हिरव्या झाकणाचं भांडं त्याच्या हातात दिलं. त्यानं रिंग काढली, खाली नख फिरवलं, वास घेतला, पात्याखाली फोनचा उजेड पाडून बघितलं. मावशी पदराला हात पुसत लांब उभ्या. त्या दिवसापासून त्यांनी त्याच्या डब्याला हात लावला नव्हता.

त्यानं रिंग परत बसवली आणि भांडं त्यांच्यापुढे धरलं.

"मावशी, खोबरं आहे ना आज?"

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी कपाटातून खोबऱ्याची वाटी काढून दिली.