तांबडी माती, काळी माती

माझं माहेर बेळगुंदी, सासर वडगाव. बेळगावच्या एका अंगाला एक, दुसऱ्या अंगाला दुसरं. लग्नानंतर पहिल्यांदा सासूबाईंबरोबर भाताच्या लावणीला गेले आणि पहिल्याच वाफ्यात पाय रुतला. ओढून ओढून दमले. सासूबाई म्हणाल्या, "ओढू नको गं, टाच हलवून काढ." आमच्याकडची तांबडी माती पाण्यानं धुतली की जाते, इथली काळी माती नखांत शिरली की चार दिवस निघत नाही.

हे शहर मला त्या दोन मातींमधूनच कळलं. पश्चिमेला खानापूर-चंदगडचे डोंगर, तिकडे पाऊस दांडगा. बेळगुंदी, उचगाव, बिजगर्णी या पट्ट्यात रताळी. पूर्वेला हलगा ओलांडून बैलहोंगलकडे सरकलं की पाऊस उतरतो, काळं रान लागतं, कानावर कानडी जास्त पडते. मध्ये अडीच हजार फुटांवर बेळगाव. त्याला पाणी देणारं मार्कंडेय नदीवरचं राकसकोप धरण आमच्या माहेरच्याच बाजूचं.

माहेरहून येताना गणेशपूर सोडलं की कॅम्प लागतो. मोठी झाडं, रुंद रस्ते, मराठा लाईट इन्फंट्रीचे जवान. पुढे गोवावेस, मग शहापूर. हे शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं. आज एकाच शहराचा भाग आहे, तरी इथली शहापूर-वडगावची म्हातारी माणसं अजून "बेळगावात जाऊन येतो" म्हणूनच घराबाहेर पडतात. वडगावात शिरलं की मागाचा खडखडाट. आमच्या गल्लीत एका दारात मराठी, शेजारच्या दारात कानडी, आणि सासूबाई दोन्हीकडे त्याच ठसक्यात बोलतात.

२०११ च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत ४ लाख ८८ हजार माणसं मोजली गेली. पण बेळगाव तेवढंच नाही. खानापूरकडून रोज उद्यमबागच्या कारखान्यांत येणारी पोरं कुठे मोजायची? माझी आतेबहीण शिनोळीची, म्हणजे कागदावर महाराष्ट्रातली. तिच्या लेकीचा बस्ता बांधायला सगळे गणपत गल्लीतच आले, आणि दवाखान्यालाही ती इकडेच येते.

मला काळजी आहे ती आमच्या शिवाराची. वडगाव-शहापूरच्या या रानात बासमती होतो. भात शिजायला लागला की वास शेजारच्या घरापर्यंत जातो. भात निघाला की त्याच ओलीवर मसूर आणि वाटाणा, वरून पाणी द्यावं लागत नाही. पण बळ्ळारी नाला गाळानं भरलेला, त्यात घरांचं सांडपाणी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमचं उभं पीक आठवडाभर पाण्याखाली कुजलं. नाल्याचा गाळ काढा म्हणून सासऱ्यांनी किती अर्ज दिले, त्यांच्या पोचपावत्या कपाटात आहेत. आता बांधाला लागून प्लॉटचे दगड रोवलेत. मुरूम टाकून तिकडची जमीन उंच केली, त्यामुळे त्यांच्याकडचं पाणीही आमच्याच वाफ्यात उतरतं.

तरी यंदाही भात काढून मसूर पेरलाय. काल बघून आले, बोटभर वर आलाय.